चाकू कपाटात, मी खाटेवर

५ नोव्हेंबर १९७६, मोहाडी
पार्बते, हे तुले कोणी वाचून दाखवील तोवर तू माझं नावही विसरली असशील, म्हणून आधीच सांगते. मी गिरजा. आंधळगावच्या बाजारात तुझ्या बाजूले पोतं टाकून जमवलेले चाकू मांडून बसणारी. माझा शिंगाच्या मुठीचा तू 'पाहायले' नेला होता, तो अजून पाहूनच राहिली आहेस.
मी बोलते, सून कमल लिहिते. अक्षर तिचं, अक्कल माझी.
पाय प्लास्टरात. विहिरीच्या ओट्यावर घसरली, तर पोरगा वसंता उचलून आपल्या सरकारी क्वार्टरात घेऊन आला. खिडकीतून कचेरीची मागची भिंत दिसते. चांगली आहे. दिवसभर हालत नाही, माझ्यासारखी.

७ नोव्हें.
चाकू काढून पुसले. नऊ. सगळे घडीचे, कनवटीले मावणारे. पितळी मासोळीच्या मुठीचा तेवढा उघडताना कट्ट बोलतो. दोनदा जास्तच उघडला. तेलाच्या वासाने कमलले मळमळते. सातवा महिना.

१० नोव्हें.
वसंता तोंड पाडून आला. कुठेतरी झडती झाली म्हणे, चाकू सापडले, माणूस आत. आजकाल कोण कशासाठी आत जाईल...
"माय, मी सरकारी माणूस. घरात नऊ-नऊ चाकू काहून पाहिजेत?"
म्हटलं, बाकीच्या म्हाताऱ्या देव जमवतात, त्यांले कोणी विचारत नाही.
हसला नाही. पिशवी लोखंडी कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. सुट्टीच्या दिवशी तलावात टाकणार.

१२ नोव्हें.
वसंता कचेरीत असताना तू आली, झिबलभाऊ आला. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरतो, पण पेटीच्या तळाशी काय असते ते आपल्यालेच ठाऊक. नवीन चाकू आणला होता. सागाची मूठ, पातं विड्याच्या पानासारखं. रीतीप्रमाणे खाली ठेवला, हातोहात दिला तर भांडण होते. आणि मी खाटेवर. वाकता येईना. चाकू हातभर दूर, आपण तिघं त्याच्याकडे पाहत बसलो. शेवटी कमलने उचलून माझ्या गोधडीवर ठेवला. डोळ्यात पाणी आलं ते तंबाखूचं होतं.
तलावाचं सांगितलं. झिबलभाऊने पेटीचं झाकण लावलं. मग तुले एकाएकी आठवलं की नातसून बाळंत झाली, तिच्या उशाशी नजर लागू नये म्हणून ठेवायले लोखंड, म्हणजे चाकू, मागायलेच तू आली होतीस. अर्धा दिवस बसून झाल्यावर आठवलं. कमल माझ्याकडे पाहून राहिली होती.

१३ नोव्हें.
जेवताना कमल बोलली. मी काही शिकवलं नव्हतं.
"पार्बतामावशीनं बाळंतिणीसाठी लोखंड मागितलं. तुम्ही तलावात टाकाल, मग माझ्या वेळी कोण देईल आपल्याले?"
वसंताने ताट सरकवलं. बाळंतिणीले नाही म्हणणारा आपल्या झाडीपट्टीत अजून जन्माले यायचा आहे.
"देऊन टाका सगळे. पण परत या घरात यायचे नाहीत."
कपाट उघडलं.

१८ नोव्हें.
झिबलभाऊ बांगड्यांखाली नऊ घेऊन गेला. जिथे पाळणा, तिथे एक. मासोळी तुझ्या नातसुनेकडे. एक आसगावले, त्याच्या भाचीकडे. बाकीचे कुठे गेले ते तो तुलेच सांगणार होता. मी म्हटलं, भिंतीले सांग, पण पार्बताले नको, तिले 'पाहायची' सवय. कमल त्याले विचारून ठेवील.
नवा सागाच्या मुठीचा तेवढा इथेच, कमलच्या उशाखाली. रात्री मागितला तर म्हणाली, "यांनी हात लावू देऊ नको म्हटलं आहे, माय. विळीनं होणार नाही असं काही काम असलं तर देईन."

२९ नोव्हें.
प्लास्टर निघालं. पाय बगळ्याचा. म्हटलं, आता या बाजारले मले आंधळगावले सोड.
वसंताने वर पाहिलं नाही. "गावच्या घरात भाडेकरू ठेवला, माय. तू आता इथंच राहा."
कधी ठेवला?
"दिवाळीत."
म्हणजे प्लास्टर ओलं होतं तेव्हाच. रागाने बोलला असता तर भांडली असती. मायेने बोलला. पायावर शाल टाकून गेला.
माझे चाकू गावोगाव फिरून राहिले आणि मी

२ डिसेंबर
त्या दिवशी ते वाक्य पुरं करू नको म्हटलं कमलले.
आज दारापर्यंत चालली. बाजाराच्या बैलगाड्या ऐकू आल्या. कमल म्हणते, पोर झाल्यावर तुमच्या जाण्याचं पाहू. या घरात 'पाहू'लेही कुलूप असते.
झिबलभाऊ परवा इकडे येणार आहे. विळीवर बसायले पाय वाकत नाही, आता सोलायले चाकूच लागेल, हे वसंताले मी सांगून ठेवलं आहे. तर त्याच्या हाती तुमच्या तलावातले शिंगाडे पाठव, पार्बते. पोतंभर. कच्चे, काट्यासकट. एकही सोलू नको.