ती शुद्धीत होती

प्रिय दादा,

तू कसा आहेस हे विचारायची सोयच ठेवली नाहीस. चौकातला फलक परवा बदलला, त्यात तू जरा बारीक दिसतोस. खरंच उतरलायस की छापणाऱ्याने मेहेरबानी केली आहे, कुणास ठाऊक. फोन केला की तुझा सहायक उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. बहीण बोलतेय असं सांगितलं की मीटिंग आणखी लांबते. म्हणून हे पत्र. वहिनीच्या नावाने पाठवतेय, म्हणजे तुझ्या हाती पडायच्या आधी कुणी फोडणार नाही.

आईची खोली अखेर आवरायला घेतली. गादी उन्हात टाकली, पडदे धुतले. तिच्या कपाटात बसस्टँडवरच्या नोकरीतला निळा कोट अजून आहे. इतकी वर्षं तिकीटखिडकीत बसून तिच्या आवाजाला जी धार आली होती, ती घरातही कधी उतरली नाही. आपण दोघं एकदम काही मागायला गेलो की म्हणायची, "रांगेत या, धक्काबुक्की नको." तू पुढे, मी मागे. कोट मी ठेवून घेतलाय. तुला हवा असेल तर सांग, पण तुला तो कुठे ठेवायचा हा प्रश्न पडेल.

माझी नोकरी गेली. म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक तसं म्हणत नाहीत, "थोडे दिवस विश्रांती घ्या, ताई" एवढंच म्हणतात. माणूस वाईट नाही. त्यांच्या दुकानाचा परवाना नूतनीकरणाला गेलाय आणि नगरपालिकेत तो टेबलावरून टेबलावर फिरतोय. कुणीतरी त्यांना हळूच विचारलं म्हणे, तुमच्याकडे त्या बाई अजून आहेत का? मी शेवटच्या दिवशी काचा पुसून, फ्रेमी ओळीने लावून आले. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण बरोबर असून काय करता?" मला उत्तर सुचलं नाही. हल्ली सुचत नाही.

तुला मात्र सुचायचं. तू पंप दुरुस्त करायचास तेव्हाची गोष्ट. हाताला ग्रीस, खिशात पाना, आणि महिन्याच्या सभेला नगरपालिकेच्या गॅलरीत पहिल्या बाकावर हजर. सभागृहात कुणी काही गुळमुळीत बोललं की उठून म्हणायचास, "साहेब, हे उत्तर नाही, ही सबब आहे." तुला दोनदा बाहेर काढलं. दुसऱ्या वेळी शर्टाची बाही फाडून आलास आणि आई ती शिवताना हसत होती. तेव्हा मला वाटलं होतं, या घरात राहणं म्हणजे काहीतरी भाग्याचं आहे. तू निवडून आलास त्या वर्षी रोज सकाळी आपल्या पायऱ्यांवर माणसं बसायची. तू दात घासता घासता त्यांची गाऱ्हाणी ऐकायचास, आई चहा करून करून दमायची आणि तरी कुणाला हाकलायची नाही. मग एक दिवस तू नव्या घरी गेलास. तिथे फाटक आहे आणि फाटकाशी माणूस आहे. आम्हाला त्याचंही काही वाटलं नाही. नगराध्यक्षाला फाटक लागतं, असंच आम्ही समजलो.

आपल्या खालच्या गल्लीत नळाला वास यायला लागला तेव्हा मी आधी तुलाच सांगितलं होतं. आठवतंय? आईकडे जेवायला आला होतास. गटाराची वाहिनी आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी एकाच चरातून टाकली आहे, कुठेतरी फुटली असणार, असं मी म्हणाले. तू ताट पुढे सरकवून म्हणालास, "घरात राजकारण नको." म्हणून मी कार्यालयात आले. रांगेत बसून, चिठ्ठी देऊन आले. तिथे तू म्हणालास, "घरातलं माणूस इथे येऊन असं बोललं तर लोक काय म्हणतील?" मग बोलायचं कुठे, दादा? गॅलरीत गेले तर गॅलरीला कुलूप. दुरुस्ती चालू आहे असा कागद चिकटवलेला. ती दुरुस्ती अजून चालूच आहे. आतून हातोड्याचा आवाज मात्र एकदाही ऐकला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुझ्यापर्यंत ते कागदावरून गेलं, आम्ही ते दारातून पाहिलं. गल्लीत एकेका घरात कावीळ शिरली. बेकरीवाल्याची सून सातव्या महिन्यात होती. हसरी पोर, पाव बांधून देताना एक जास्तीचा टाकायची आणि सासऱ्याकडे बघून डोळा मारायची. ती आणि तिचं बाळ दोघंही गेली. त्यानंतर तुझ्या सहीचं निवेदन आलं की आजार रहिवाशांच्या वैयक्तिक अस्वच्छतेमुळे पसरला आहे. बेकरीवाल्याने ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तो म्हणाला, "आमची सून दिवसातून दहादा हात धुवायची. त्याच पाण्याने."

त्या दिवशी अर्जाचं ठरलं. कल्पना निवृत्त पोस्टमनकाकांची. नगराध्यक्षाला परत बोलवायचा हक्क मतदारांना आहे, कायद्यात तसं कलम आहे, ते आजवर कुणी वापरलेलं नाही, एवढंच. पुरेशा मतदारांच्या सह्या झाल्या की पुन्हा मतदान. तुझ्यावर माझा राग होता हे खरं, पण खोटं नाही सांगत, मनातून मला वाटत होतं की अर्ज दाखल व्हायच्या आधीच तू येशील. गॅलरीचं कुलूप काढशील, चर उकरायला लावशील, आणि म्हणशील, चुकलं. मग आम्ही तो कागद फाडून टाकला असता. मी पोस्टमनकाकांना तसं बोललेही. ते म्हणाले, "येईल की. तुझाच भाऊ तो."

सह्या भराभर झाल्या. लोक स्वतः पेन घेऊन यायचे. कितीतरी वर्षांनी माणसं एकमेकांच्या दारात उभी राहून मोठ्याने बोलत होती, आणि मला पुन्हा तो पायऱ्यांवरचा काळ आल्यासारखं वाटलं. मग निवडणूक कार्यालयाने कळवलं की सही करणाऱ्या प्रत्येकाने स्वतः येऊन अधिकाऱ्यासमोर ती आपलीच असल्याचं सांगायचं. त्या कार्यालयाच्या जिन्याखाली तुझी माणसं खुर्च्या टाकून बसली. कुणाला अडवलं नाही, हे मी मान्य करते. फक्त येणाऱ्याला नावाने हाक मारायची. "काय, आज इकडे कुठे? मुलाचं कंत्राट पक्कं झालं का?" एवढंच. माणसं जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरायची. काहींनी घरूनच निरोप पाठवला की सही चुकून झाली. पोस्टमनकाका माझ्याकडे आले आणि माझ्याऐवजी दाराच्या कडीशी बोलले. त्यांच्या जावयाची बदली झाली आहे, मुलगी लहान पोरांसकट एकटी पडली आहे. "मला माफ कर," म्हणाले. ज्या माणसाने भर पावसातही कुणाचं पत्र कधी भिजू दिलं नाही, त्याला असं मान खाली घालून जाताना बघितलं आणि तिथेच माझ्यातलं काहीतरी विझलं. तेव्हापासून मी सगळं करत राहिले, पण होईल या भरवशावर नाही.

आईकडे मी सही मागितली नव्हती. हे तुला खरं वाटणार नाही, पण मागितली नव्हती. माझी तेवढी छाती झाली नसती. तोवर तिलाही कावीळ झाली होती. तू मोठ्या शहरातल्या दवाखान्याची गाडी पाठवलीस, तेव्हा तिने ड्रायव्हरला विचारलं, "गल्लीतल्या सगळ्यांना नेणार आहात का?" तो बिचारा गोंधळला. ती म्हणाली, "मग मी रांगेत थांबते." मी रडले, भांडले, तिच्या पाया पडले. तिने ऐकलं असतं तर कदाचित ती आज असती. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही, आणि तुलाही नाही.

अर्ज टेबलावर पडला होता, तिने मागून घेतला, चष्मा लावून सगळा वाचला, आणि सही केली. वाचताना दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. तपासणीच्या दिवशी मी म्हटलं, राहू दे, तुला उभंही राहवत नाही. ती म्हणाली, "सही केली म्हणजे जायला नको का?" गाडी करून नेलं. लिफ्ट बंद होती. अधिकारी खाली यायला तयार नव्हता, नियमात बसत नाही म्हणाला. मग गल्लीतला प्लंबर आणि मी, दोघांनी तिला धरून वर नेलं. जिन्याखाली तुझी माणसं उठून उभी राहिली. एकाने तर सवयीने नमस्कारही केला. वर अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, हा अर्ज कुणाविरुद्ध आहे, कळतंय ना?" ती म्हणाली, "माझ्या मुलाविरुद्ध. मी त्याला ओळखते, तुमच्यापेक्षा जास्त दिवस." त्याने खाली बघून शिक्का मारला. उतरताना ती मध्येच थांबली. मला वाटलं दम लागला. पण ती म्हणाली, "त्याला त्या गॅलरीत बसलेला बघायला मला फार आवडायचं गं."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. तिच्या निरोपाला तू आलास, तुझ्या मागे गाड्या आल्या, गाड्यांमागे कॅमेरे. तू रडलास ते खोटं नव्हतं. मला तुझं खोटं रडणं ओळखता येतं, लहानपणापासून. म्हणून तर मी जवळ येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवला. पण मग तू माइक घेतलास आणि म्हणालास की आईचा आशीर्वाद शेवटपर्यंत माझ्या कामाच्या पाठीशी होता. बेकरीवाला माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. काल नोटीस आली. तुझ्या वतीने हरकत दाखल झाली आहे की आई शेवटच्या आजारात भानावर नव्हती, तिला काही कळत नव्हतं आणि मी तिचा हात धरून सही करवून घेतली. खाली तुझी सही आहे. परवा सुनावणी. अर्ज तसाही पडणार आहे, दादा. निम्म्याहून जास्त सह्या गळाल्या आहेत, आईची धरली काय आणि वगळली काय, काही फरक पडत नाही. तुझ्या वकिलालाही हे माहीत असणार. तरी तुला ती वगळायची आहे. पण तपासणीहून आल्यावर, संध्याकाळी, तिने माझ्याकडून तुला फोन लावून घेतला होता. वहिनीच्या फोनवर, म्हणून लागला. मी तिच्या उशाशी बसून फोन तिच्या कानाशी धरला होता. ती तुला म्हणाली, "मी आज तुझ्याविरुद्ध सही देऊन आले. रागावू नकोस. जेवलास का?" तू म्हणालास, "हो आई, जेवलो." हे आपल्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. परवा मी ते सांगेन, तू नाही म्हणशील, आणि नगराध्यक्षांपुढे नोकरी गेलेल्या बाईचा शब्द किती चालेल हे मला कळतं. मी तुझ्याकडे काही मागत नाही. मागायचे दिवस संपले. माझ्या वकिलाने बजावलं आहे की तिथे तुला दादा म्हणायचं नाही, 'गैरअर्जदार' म्हणायचं, आणि एकदा तसं म्हटलं की पुन्हा ही हाक माझ्या तोंडून निघेल असं मला वाटत नाही. म्हणून त्याच्या आधी एकदा लिहून घेतलं. जेवत जा वेळेवर, दादा.

अजून दोन दिवस तुझीच,
धाकटी