चौदा युनिटं

आइंडहोवन, ९ फेब्रुवारी

प्रिय शंतनु,

"काय सांगू?" हा तुझा मेसेज येऊन सहा दिवस झाले. मी नुसतं "कळवते" लिहिलं. उत्तर तेवढ्यात मावत नव्हतं, म्हणून हे पत्र. ऑफिसमधला भावेश भायखळ्याला घरी निघालाय, तो गुरुवारी तुझ्या हातात देईल. शनिवारी अकरा वाजता मालकांचा माणूस हितेंद्र माझी खोली बघायला येणार, त्याआधी तू हे वाचलेलं असावंस.

चाळ पाडून नवी इमारत होणार. तिच्या यादीत माझं नाव राहतं की नाही, ते त्या भेटीवर ठरेल. पागडीची खोली सलग सहा महिने न वापरता पडून राहिली, तर मालक ती परत मागू शकतो. गंमत म्हणजे इथल्या माझ्या राहण्याच्या परवान्यालाही सहा महिन्यांचीच अट आहे. सलग तेवढे दिवस बाहेर राहिले, तर तो जातो. म्हणजे चार वर्षं मी दोन्हीकडची रहिवासी आहे. इथे स्वतः राहून, आणि गिरगावात तुझ्यामार्फत.

निघताना मी तुला यादी दिली होती. ट्यूबलाइट रोज दोन तास, पंखा एक तास, उंबऱ्यापाशी माझ्या चपला, दर सोमवारी एखादी ओढणी गॅलरीतल्या दोरीवर. कोणी विचारलं तर "आत्ताच बाहेर गेली." यादी वाचून तू म्हणालास, "आणि संध्याकाळी भांडायचं कोणाशी? ते कलम राहिलं." मी हसले नाही. चर्नी रोडच्या पुलावर तू विचारलंस, परत येशील ना. मी म्हटलं, खोली ठेवतेय ना. तेव्हा ते मला उत्तर वाटलं होतं.

हितेंद्रला संशय आला तो ओढणीवरून, हे तूच कळवलंस. चार वर्षं, दर सोमवारी, तीच पिवळी ओढणी, त्याच दोन चिमट्यांना. कपाटात सात होत्या, शंतनु. "एखादी" असं मी स्पष्ट लिहिलं होतं. दिवाळीत आले तेव्हा पाहिलं, ती एकाच बाजूने विटली आहे. तीच का, हे मी विचारणार नाही. दादरला मी ती घेतली, तेव्हा तू सोबत होतास आणि "पिवळी घे" म्हणत मला कंटाळा येईपर्यंत दुकानात उभा होतास.

इथे मी अशा खोलीत काम करते जिथे हवेतले धुळीचे कणसुद्धा मोजतात. कामावरून सुटले की सगळं इतकं शांत असतं, की मला आपली गॅलरी आठवते. आत आईचं शिवणयंत्र चालू, मी उंबऱ्यावर गणितं सोडवत, तू कठड्याला टेकून शब्दकोडं घेऊन. तू "चार अक्षरी, शेवटी र" असं म्हणायचास आणि मी डोकं वर काढायच्या आत आई यंत्र न थांबवता शब्द सांगायची. मग तू म्हणायचास, "काकू, तुमच्या मुलीला इंजिनीअर कोणी केलं?" आई म्हणायची, "तू तिला बोलू दिलं नाहीस, म्हणून झाली." आई गेली त्या वर्षी कोडं कोणीच सोडवलं नाही. पुढच्या वर्षी मी इकडे आले.

आता एक तांत्रिक गोष्ट. माझ्या यादीप्रमाणे त्या खोलीत महिन्याला जेमतेम पाच युनिटं जळायला हवीत. बिलात चौदा येतात. मला वाटलं, मीटर बिघडलाय. दिवाळीत मी तो तपासला. मीटर बरोबर आहे. चौदा युनिटं म्हणजे दिवा आणि पंखा, दोन्ही रोज चार तास. मग आईच्या वेताच्या खुर्चीला नवी पट्टी विणलेली दिसली, आणि पलंगाखाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा. सगळी कोडी सोडवलेली, तुझ्या तिरक्या अक्षरात. काहींत एकच शब्द रिकामा सोडलेला.

त्याच दिवशी काशीबाई मासळीची टोपली घेऊन जिन्यात भेटली. म्हणाली, "काय गं, तू तिकरं, मंग तुजा पंखा कोनाला वारा घालतंय?" मी म्हटलं, घर बंद राहू नये म्हणून. ती म्हणाली, "व्हय, घरच ते," आणि पुढे गेली. मी अकरा दिवस तिथे होते आणि तुला काहीच विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. शनिवारी तू काही सांगू नकोस. मी सकाळी पोचतेय आणि अकराला दारात असेन. हितेंद्र विचारेल, इथे कोण राहतं. मी खरं सांगेन, की मी राहत नाही, चार वर्षं राहिलेले नाही. यादीतून नाव गेलं तर जाऊ दे. त्या खोलीआड मी पुरेशी लपले. मग तो विचारेल, तर मग रोज संध्याकाळी इथे दिवा लावून कोण बसतं, आणि का? ते उत्तर तू द्यायचं. परतीचं तिकीट मी अजून काढलेलं नाही. आधी ते ऐकायचं आहे.

तुझीच,
नूपुर