हत्तीच्या पोटातली सुई

ता. ३, मंगळवार

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. का ते आधी सांगते, मग बाकीचं. तुझ्याकडून परत आलेल्या सुया मी काल जेवणं झाल्यावर मोजल्या, आणि एक सुई कमी भरली. पुन्हा मोजल्या. फ्लॅनेलचा तुकडा झटकला, खोकं उलटं केलं, जमिनीवर हात फिरवला. नाही ती नाहीच. ती सुई आपल्या एखाद्या कापडी हत्तीच्या पोटात राहिली असेल तर काय गं करायचं?

तू म्हणशील एका सुईसाठी एवढं काय. पण माझी बबडी आता दात येतायत म्हणून दिसेल ते तोंडात घालते. हत्तीची सोंड तर चोखून चोखून तिने पार चिंधी केलीय. सगळ्यांची पोरं तेच करत असणार. आपले हत्ती घेतात कोण, तर तान्ह्या पोरांच्या आयाच. काल तिच्या हातातून हत्ती काढून घेतला आणि नुसता चाचपत बसले. ती रडून रडून लाल झाली. तिच्या हत्तीत काही नाही, तो मीच शिवलाय, तरी हात थांबेना.

हे सगळं त्या कमी दराच्या नादात झालं, माझं मलाच कळतंय. तुला सगळं नीट सांगितलंच नव्हतं, म्हणून सांगते. आधी मी हत्ती पूर्ण भरून पाठवायची तेव्हा कमाईतलं सगळं कुरियरलाच जायचं. एक दिवस बबडीला कडेवर घेऊन गेले त्यांच्या ऑफिसात आणि काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, माझं खोकं फुलासारखं हलकं आहे, मग पैसे लोखंडाचे का घेता. त्याने टेप काढून खोकं मापलं आणि म्हणाला की बाई, गाडीत वजन नाही, जागा विकली जाते. तुमच्या हत्तीत हवाच जास्त, म्हणजे तुम्ही हवेचं भाडं भरताय. वर हसला, म्हणाला एवढा हत्ती आणि वजन काहीच नाही! मीही म्हटलं, आमच्यासारख्यांचं वजन असतं कुठे, वजन असतं तर तुमच्या साहेबांनी खुर्ची दिली नसती का. तेव्हा कुठे त्याने स्टूल दिलं.

मग त्यानेच वाट सांगितली. माल चपटा करून आणा, आणि दर मंगळवारी न चुकता खोकं द्या, मग साहेबांना सांगून तुम्हाला व्यापाऱ्यांचा दर लावतो. पण एक मंगळवार जरी चुकला तर दर परत पहिल्यावर. सही केली मी. त्यातलं मला निम्मं वाचता आलं नाही, पण मंगळवार तेवढा वाचता आला.

म्हणून तर हत्तींच्या नुसत्या खोळी शिवून तुझ्याकडे पाठवायला लागले, कापूस तू तिथे भरायचा. आणि पोटाची शिवण अर्धी घालून त्याच रंगाच्या दोऱ्यासकट सुई तिथेच खोचून ठेवायची ही अक्कल माझीच. तुला रंग जुळवत बसावं लागू नये म्हणून. दादाने तेव्हाच विचारलं होतं की सुई आणि बाळ एका घरात कशाला आणतेस. मी त्याला म्हटलं, तू वायरी ओढ, शिवणातलं तुला काय कळतं. आता वाटतं, कापूस भरताना दोरा निसटून सुई आतच गेली असेल तर?

फोन केला असता गं. पण बबडीने माझा फोन कपड्यांच्या बादलीत टाकला, तो मेला तो मेलाच. दादाचा नंबर त्यातच होता. पत्ते मला सगळे तोंडपाठ, दर आठवड्याला लिहिते ना, पण नंबर एकही पाठ नाही. ह्यांची बोट यायला अजून वेळ आहे आणि त्यांचा फोन आला तरी येणार त्याच मेलेल्या फोनवर.

तर वहिनी, हात जोडते, घरात असतील ते सगळे हत्ती दाबून बघ. गेले असतील त्यांच्या घरी दादाला पाठव. खोकं न्यायला माणूस दारात उभा आहे, गुरगुरतोय. यावेळच्या खोळींत सुया नाहीत. सुया तुझ्या तू घे, रंग जुळले नाहीत तरी चालतील.

दादाला नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमणी


ता. ९, सोमवार

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचून आधी मला हसू आलं, मग स्वतःची साडी, उशी, गादी सगळं चाचपून झालं, मग हसू गेलं. तू म्हणतेस तशी एक सुई माझ्याकडूनच कमी आलीय हे खरं. ती कुठे गेली मला आठवत नाही. मी कापूस भरते तेव्हा तुझी सुई ब्लाउजला टोचून ठेवते. पण घाईत कधी टोचली, कधी नाही, देव जाणे.

रविवारी तुझा दादा साइटवरून आला. त्याला पत्र वाचून दाखवलं. त्याने हातपाय धुतले, चहा तसाच ठेवला आणि हत्यारांच्या पिशवीतून लोहचुंबक काढलं. आधी मी कापसात एक सुई लपवून ठेवली, चुंबकाला ती सापडते का बघायला. लगेच टुणकन येऊन चिकटली. मग गेला तो स्कूटर घेऊन, घराघरांत, आपण ज्यांना ज्यांना हत्ती विकला त्या सगळ्यांकडे. लोकांना काय सांगितलं विचारू नकोस. कंपनीकडून तपासणीला आलोय म्हणाला! कसली कंपनी, तू आणि मी! एका घरात पोरं त्याच्यामागे हत्तींचा डॉक्टर आला म्हणून ओरडत फिरली. एका आजीबाईंनी हत्ती झाल्यावर त्यांचा गुडघाही पुढे केला, म्हणाल्या यातही काही अडकलंय का बघ. परत आला तेव्हा दमून गेला होता, पण एकाही पोटात काही निघालं नाही. विकलेला एकही हत्ती त्याने सोडला नाही, दार बंद असेल तिथे पायरीवर बसून राहिला. घरात उरलेलेही बघून झाले.

म्हणजे सुई इथेच कुठेतरी झाडूत गेली असणार. आता तू झोप. तुझी गत म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी झालीय. दादा म्हणाला तिला लिही की डोक्यातली सुई काढ, बाकी सगळ्या मी बघितल्या. आणि हेही म्हणाला की यापुढे दर गेला चुलीत, खोळीत सुई नको. तो रागावलेला नाही, घाबरलेला आहे. त्याचं दोन्ही सारखंच दिसतं, तुला माहीत आहे.

तुझा तो सवलतीचा दर मात्र आता माझ्या कापसात जातो बरं का. इथला कापूसवाला मला बघितलं की तराजूच खाली ठेवतो, म्हणतो बाई, तुमचा हत्ती रोज किती खातो. त्याला म्हटलं, हत्ती आमचा कापूस खातो आणि कुरियरवाला आम्हाला.

एक सांगायचं राहिलं. त्या आधीच्या खोक्यात एकाची सोंड वाकडी शिवली गेली होती तुझ्याकडून, आठवतं? राखाडी होता. तो मी भरला, पण विकायला लाज वाटली. बाजूला ठेवला होता तर दादा त्याच्या मागच्या रविवारी साइटवर घेऊन गेला. तिथे चहा करणारी एक बाई आहे, तिचं पोर नुकतं रांगायला लागलंय, त्याला देऊन टाकला. पोर म्हणे त्याला सोडतच नाही, झोपतंही पोटाखाली घेऊन. म्हणजे तुझी वाकडी सोंडही वाया गेली नाही.

मी उद्या सकाळी आईकडे जातेय. ती बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलंय. किती दिवस लागतील माहीत नाही. तिथे फोनही नाही आणि माझ्याकडेही नाही, ते तुला ठाऊकच आहे. दादा पहाटेच साइटवर गेला, आता या रविवारी तो येणार नाही, काम संपवूनच येईल. घराची किल्ली आणि दादाचा नंबर खालच्या काकूंकडे ठेवलाय. खोकं आलं की त्या घेतील आणि पत्र असलं तर उघडून वाचतील, मीच सांगितलंय त्यांना.

बबडीची पापी. दोघी जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी,
वहिनी


ता. १२, गुरुवार

हे पाकीट जो कोणी उघडेल त्यांना,
नमस्कार वि. वि.

मी वरच्या घरातल्या वायरमनची धाकटी बहीण, चिमणी. बहुतेक हे खालच्या काकूच वाचत असतील. तर काकू, मागे माझी मुलगी झाली तेव्हा मी त्या घरी आले होते, तुम्ही तिला न्हाऊ घातलं होतं, ती मी. अक्षर वाईट आहे, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

वहिनीचं पत्र मला आज सकाळी मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. मग बबडीला भरवताना पुन्हा वाचलं आणि घास हातातच राहिला. दादाने विकलेले हत्ती बघितले. घरातले बघितले. तो वाकडा विकलेलाच नाही. तो कोणाच्या हिशोबातच नाही, दिला आणि विसरले. वहिनीनेही त्याच कागदावर लिहिलं आणि तिच्याही ध्यानात आलं नाही. दादाने ज्या पोराला आपल्या हाताने नेऊन दिला, त्याच्याकडेच तो चुंबक घेऊन गेला नाही. आणि तो हत्ती भरलेला होता त्याच खोक्यातला, ज्याच्या सुया कमी आल्या.

कदाचित त्यात काही नसेलही. देव करो आणि नसो. पण ते पोर त्याला पोटाखाली घेऊन झोपतं, काकू.

मी तशीच कुरियरच्या ऑफिसात गेले. चप्पल दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या, ते तिथे गेल्यावर कळलं. काउंटरवरच्या माणसाला सगळं सांगितलं. वहिनीने सुया परत पाठवल्या त्या पावतीवरचा फोन नंबर त्याने शोधून लावला, तो तुमचाच निघाला. तुम्ही उचललातही. मी घसा फोडून ओरडले, बबडीही ओरडली, सगळं ऑफिस बघायला लागलं. तुम्ही दोनदा हॅलो म्हणालात, मग म्हणालात की गॅस परवाच आलाय, नको, आणि ठेवून दिलात. त्याने परत लावला. तुम्ही परत तेच म्हणालात, जरा रागाने. तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला फोनची घंटी ऐकू येते पण बोललेलं कळत नाही हे मला माहीत नव्हतं, त्या माणसानेच सांगितलं, त्यांच्या डिलिव्हरीवाल्याला माहीत आहे म्हणाला. तो डिलिव्हरीवाला तुमच्या भागात उद्या सकाळीच येतो, त्याच्या आधी कोणी नाही.

तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसून हे लिहितेय. तो माणूस सवयीने माझ्या पाकिटावर व्यापाऱ्यांच्या दराचा शिक्का मारायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं तो दर चार दिवसांनी पोचवतो, मला उद्या सकाळचा दर लाव, असेल तो पूर्ण लाव. तो मग म्हणाला की पुढच्या मंगळवारच्या खोक्याचं काय. मी म्हटलं पुढचं खोकं नाही. तो हत्ती सापडून हातात येईपर्यंत मी टाका घालणार नाही, तुमचा दर ज्याला हवा त्याला द्या. त्याने शिक्का खणात ठेवला आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात तातडीचं असं लिहिलं, माझ्यापेक्षा त्याचं अक्षर चांगलं म्हणून.

मला त्या चहावाल्या बाईचं नाव माहीत नाही, साइट कुठे आहे माहीत नाही. ते एकट्या दादाला माहीत आहे, आणि त्याचा नंबर एकट्या तुमच्याकडे आहे.

काकू, किंवा जे कोणी वाचत असाल ते, आत्ता लगेच माझ्या दादाला फोन लावा. तुम्हाला ऐकू आलं नाही तरी चालेल. त्याचं उत्तर ऐकायची गरजच नाही, तुम्ही फक्त बोला. घंटी थांबली की त्याने उचलला असं समजा आणि मोठ्याने एवढंच सांगा की चहावालीच्या पोराच्या हातातून वाकड्या सोंडेचा हत्ती काढून घे. एकदा सांगून थांबू नका. मध्ये काही आवाज आला तरी थांबू नका. तेच परत परत सांगा. नाही उचलला तर परत लावा.

तुमच्यावर फार मोठं ओझं टाकतेय. मुलीसारखी समजून पदरात घ्या. तुमचा लोभ मी कशाने फेडू ते नंतर बघू, काकू, आधी माझ्या दादाला फोन करा.

चिमणी