उलटी गुंडाळलेली कॉइल

तीर्थरूप मामांना भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची खुशाली कळवा. इकडे सगळे ठीक आहेत (म्हणजे मी सोडून).

तुम्ही शिकवलेल्या मोटारीची कॉइल गुंडाळण्याच्या विद्येवर मी इथे प्रयोगशाळेत ताऱ्यांचं काम करतो, हे मामींना सांगू नका. त्या गावभर करतील. काम खरं आमच्या प्रमुख बाईंचं. तारा बनताना भोवतालचा वायू गरगरत आत येतो. पण गिरकी सुटल्याशिवाय त्याला आत पडता येत नाही. म्हणून थोडा वायू ती गिरकी सोबत घेऊन वर आणि खाली, अशा दोन झोतांनी बाहेर निसटतो, तेव्हा कुठे उरलेल्याचा तारा होतो. हा झोत इतका लांब जाऊनही विस्कटत कसा नाही? बाई म्हणतात, चुंबकत्व त्याला आवरून धरतं. ते दाखवायला आम्ही बादलीएवढ्या टाकीतली हवा काढतो आणि केसासारख्या तारांची विजेने वाफ करतो. बोटभर झोत उठतो. भोवतीची चुंबकाची कॉइल माझी.

सहा वर्षांच्या कामानंतर तपासणी समिती आली (तिघे, पैकी एक सतत घड्याळ बघणारे). झोत उठला आणि फाटक्या केरसुणीसारखा पसरला. एकदा नव्हे, पाचदा. समिती चहा न घेता गेली. बाई स्टुलावर बसल्या. "चूक माझीच. निसर्ग असा वागत नाही," म्हणाल्या, आणि तसा निबंध लिहायला घेतला.

मी कॉइलजवळ होकायंत्र धरलं. सुईने एका टोकाला आत आणि दुसऱ्याला बाहेर दाखवायला हवं, तिने दोन्ही टोकांना बाहेरच बोट दाखवलं. मामा, खालचा अर्धा भाग मी उलटा गुंडाळला होता! दोन अर्धे आपसांत भांडत होते, झोताला धरणार कोण? मी लगेच जाऊन बाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझं गणित बरोबर होतं?" आणि चष्मा काढून पुसत राहिल्या.

नवी कॉइल चार दिवसांत गुंडाळली. झोत ओळंब्यासारखा सरळ उठला. समिती पुन्हा येतेय.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. डोळे तपासून घेतले. उत्तम आहेत. म्हणजे कॉइल उलटी गुंडाळायला तेही निमित्त नाही.

आणखी ता. क. वर 'लगेच' लिहिलंय, ते खरं नाही. सुई मी समिती गेली त्याच संध्याकाळी पाहिली. सांगितलं अकराव्या दिवशी. मधल्या दिवसांत बाई जुन्या वह्या फाडत होत्या आणि तो कचरा मीच नेऊन टाकत होतो. आता नव्या निबंधाच्या शेवटी त्या माझ्या प्रामाणिकपणाचे आभार मानणार आहेत. महिनाअखेर तो छापायला जाईल. त्याआधी त्यांना कसं सांगू, तेवढं कळवा. पत्रानेच कळवा, इथला फोन बाईंच्या टेबलावर आहे.