पलंगाखालचे पन्नास पौंड बटाटे

रविवार, ११ फेब्रुवारी १९९६, आयसेलिन

हात तीनदा धुतले तरी वास जात नाही. आठवडाभर मी आणि माझा रूममेट अनिल एकमेकांच्या मोज्यांना शिव्या घालत होतो, आणि वास येत होता माझ्याच पलंगाखालून. बटाटे! मेंबरशिपच्या घाऊक दुकानातून आणलेलं पन्नास पौंडांचं पोतं. घाऊक घेऊन पैसे वाचावेत, ताईच्या लग्नाला जायचं विमानाचं तिकीट निघावं म्हणून तर तिथलं मेंबरशिपचं कार्ड काढलं.

गावी आई पसरते तसे मी पेपर टाकून पलंगाखाली पसरले. इथे अमेरिकेत खाली कार्पेट, बाजूला हीटर, खिडक्या बंद, हे डोक्यातच आलं नाही. अर्ध्याहून जास्त सडले. हात घातला तर बोटं आतच गेली.

वरच्या मजल्यावरच्या काकू नाक धरून आल्या. "अरे, दोन माणसांना पन्नास पौंड? पंगत घालायची होती का?"

"स्वस्त पडतात, काकू."

"खाल्लेले तेवढेच मोज. मग सांग स्वस्त."

मोजले. ओक ट्री रोडच्या साध्या किरकोळ दुकानापेक्षा महाग पडले! कार्डाची फी वेगळीच. मी येडा की काय? आयुष्यात पहिल्यांदा अन्न कचऱ्यात टाकलं. आणि अनिल म्हणतो, "जाऊ दे यार, दुसरं पोतं आणू." दुसरं!

अजून तो वास. आणि मी शहाणा, गेल्या महिन्यात आईला लिहून बसलोय की कार्डामुळे भरपूर वाचतंय, लग्नाला नक्की येतो. पत्र पोचलं असेल. तिने एव्हाना सगळ्या आळीला सांगितलं असेल.