जावयाने मोकळी केलेली जागा

सोमवार, ३
आलो एकदाचे. दोन बॅगा, एक कुंडी आणि मी, एवढं हिचं सामान तिच्या माहेरी दाखल झालं. घरजावई म्हणा हवं तर. नोकरी मिळेपर्यंत लाजायचं नाही असं हिने बजावलंय आणि मी ते मनावर घेतलंय. वरची खोली आमची. कपाटाचा एक कप्पा मला, तीन हिला. सासरे निवृत्त सर्व्हेअर, सगळं फुटात सांगतात. न्हाणीघर म्हणे आमच्या पलंगापासून अकरा फुटांवर आहे. सासूबाई बोलतात कमी, वाढतात जास्त. हिचा दादा जहाजावर कामाला होता, तीन वर्षांपूर्वी तिथेच तापाने गेला. त्याचा फोटो घरात कुठेही नाही. आईला बघवत नाही, असं ही म्हणाली. जेवण झक्क झालं. दुपारी ताणून दिली.

मंगळवार, ४
हॉलमधला कॉम्प्युटर रखडत चालतो. डिस्क भरल्याचा लाल पट्टा, मोकळी जागा फक्त दोन जीबी. जावईबापू, तुम्ही यातलेच ना, असं सासऱ्यांनी विचारलं. मी यातला म्हणजे प्रिंटरच्या दुकानात विक्रीला होतो. पण लग्न जुळवताना कुणीतरी इंजिनिअर म्हणून ठोकून दिलं आणि मी ते खोडलं नव्हतं. दहा मिनिटांचं काम, म्हणालो.

सासरे खुर्ची ओढून मागे बसले. मी फाइली आकाराप्रमाणे लावल्या. ‘नवीन फोल्डर’ नावाचं एक फोल्डर चाळीस जीबी अडवून बसलं होतं. आत शेकडो फाइली, नावाऐवजी नुसते आकडे. एखादी उघडून बघायला हवी होती. पण उघडून बघितलं तर याला काही येत नाही असं त्यांना वाटेल, अशी भीती वाटली. हा कचरा असतो, आपोआप साठतो, असं ठणकावून सांगितलं आणि उडवला. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. सासऱ्यांनी पाठ थोपटली. गंमत म्हणजे मोकळी जागा दोन होती ती दोनच राहिली. उद्या बघतो.

बुधवार, ५
सासूबाई रोज दुपारी चारला कॉम्प्युटरपाशी बसून काय ऐकतात, असं हिला सहज विचारलं. दादाचा आवाज, म्हणाली. जहाजावरून फोन लागायचा नाही, म्हणून तो रोज काहीबाही बोलून रेकॉर्ड करायचा आणि बंदर आलं की सगळं एकदम पाठवायचा. आई दिवसाला एक ऐकते. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. दुसरीकडे कुठे ठेवल्यात का, मी विचारलं. नाही, म्हणाली. त्या कुठल्या फोल्डरात आहेत तेही फक्त आईलाच माहीत, बाबा तिकडे फिरकत नाहीत.

म्हणजे काल मी उडवल्या त्याच.

चारला सासूबाई हेडफोन लावून बसल्या. पाच मिनिटांनी काढले, वायर नीट गुंडाळली, आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तो चहा मी प्यायलो.

गुरुवार, ६
घरात कुणी नसताना सगळे उपाय करून पाहिले. पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम चालवला. सगळ्या फाइलींची नावं आली, प्रत्येकीचा आकार शून्य. लपलेल्या फाइली उघड्या केल्या, तात्पुरत्या काढल्या, डिस्क तपासली. मग कागदावर बेरीज केली. डिस्क जेवढी भरलेली दाखवते त्यात आणि माझ्या बेरजेत बरोबर चाळीस जीबीचा फरक. म्हणजे तेवढी जागा भरलेली आहे, पण कशाने ते दिसत नाही.

जेवताना सांगून टाकणार होतो. तेवढ्यात सासरे जेवायला आलेल्या शेजाऱ्यांना सांगायला लागले, आमचे जावई म्हणजे एकदम हुशार. मी आणखी एक पोळी मागून घेतली. माझी मलाच लाज वाटते.

शनिवार, ८
मोकळी जागा पाच जीबी. मी काहीच केलेलं नाही.

ही सांगत होती, दुपारी मी झोपेत बोलत होतो. इंजिनपाशी किती उकडतं, आचाऱ्याशी कसं वाजलं, असलं काहीतरी. मी आयुष्यात जहाजावर पाय ठेवलेला नाही. सांगताना ती हसत होती. मग हसायची थांबली, आणि आवाज माझा नव्हता म्हणाली.

सोमवार, १०
नऊ जीबी. नोकरीचा अर्ज भरताना माझ्या कॉलेजचं नाव आठवेना. हिला विचारलं. तिला थट्टा वाटली.

मंगळवार, ११
सासूबाई आज कॉम्प्युटरपाशी गेल्याच नाहीत. सव्वाचारच्या सुमाराला मला जाग आली तर पलंगाजवळ खुर्ची टाकून बसलेल्या. हात मांडीवर, डोळे मिटलेले. ऐकत होत्या. मी जागा झालेला पाहून त्यांचा चेहरा पडला. काय करावं कळेना. मी पुन्हा डोळे मिटले.

शुक्रवार, १४
अठरा. दुपारी झोपायचंच नाही असं ठरवलं होतं. चार वाजता डोळे आपोआप मिटतात. मला सायकल कुणी शिकवली, ते गेलं. सासरे खूश आहेत, कॉम्प्युटर पळायला लागला म्हणतात.

रविवार, १६
माझ्या आईचा फोन आला, दर रविवारी येतो. विहिरीत पडलेल्या माझ्या चपलेची गोष्ट सांगून हसत होती. मीही हसलो. कुठली विहीर — काहीच नाही आठवत. बरा आहेस ना रे, असं तिने दोनदा विचारलं. हो म्हणालो. इथेही खोटंच.

मंगळवार, १८
सत्तावीस. आज सांगितलं. सासूबाईंच्या पायाशी बसून सगळं सांगितलं.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी कौतुकाने सांगितलं होतं, कुठलं फोल्डर उडवलं ते. मी कधी बोलतो याची त्या वाट बघत होत्या. तेव्हाच बोलला असतात तर रडून मोकळी झाले असते आणि तुम्हाला जवळ घेतलं असतं, म्हणाल्या. आता तो परत यायला लागलाय. त्याचं शेवटचं बोलणं अजून यायचं आहे.

मग अगदी मायेने विचारलं, तुमच्याकडे न लागणारं अजून काय काय आहे.

गुरुवार, २०
चौतीस. नाही म्हणता येत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू — मी चोर आहे त्यांचा. त्या विचारतात, मी देतो. शाळा दिली. दुकान दिलं. परवा लग्नाचा दिवस —

जिन्यात एक बाई भेटली. माझा हात धरून रडत होती, इथून निघू या म्हणत होती. ओळखीची वाटली. मी म्हणालो, मला खाली काम आहे.

शनिवार, २२
एक्केचाळीस. एकच राहिलं. तापातलं, शेवटचं.

सासूबाई म्हणतात, त्यात तो आईला हाक मारतो. पण हाक मारायला आतून वाट मिळत नाही त्याला, तिथे दुसरीच कुणी आई बसली आहे. तेवढी उठवा.

थोडं थांबा म्हणालो. आधी वहीत लिहून ठेवतो, मग न्या. थांबल्या आहेत. खुर्चीत. हात मांडीवर. चारला तीन मिनिटं —

माझी आई. रविवारी फोन करते. उद्या करेल. बुटकी आहे — चष्मा — हसताना तोंडावर हात — मला ती लहानपणी — काय म्हणायची —

पत्ता नको, नाव लिहितो, नाव पुरेल. माझ्या आईचं नाव