सीलबंद पाहुणचार

प्रिय सलोनी,

रविवारी नयनच्या घरची मंडळी सोयरिकीसाठी मारेगावहून आपल्या तांड्यावर येऊन गेली. कसं झालं, हे तू फोनवर सारखं विचारतेस आणि मी ऊन फार होतं एवढंच सांगते. डायरीत लिहून पाहिलं, तेव्हा वाटलं की मी त्यांच्यावर अन्याय करतेय. म्हणून जसं घडलं तसं लिहिते. तरी राग उरलाच तर समजून घे.

दारच्या लिंबांचं सरबत केलं होतं. नयनचे वडील, भगवानराव, म्हणाले की मला शुगर आहे. मला खरंच वाटलं. साखरेशिवाय, मीठ घालून दुसरं केलं, तर त्यांना ॲसिडिटी निघाली. नयनच्या आईला निर्जळी उपास निघाला. मग तुझ्या बांनी पांढरकवड्याच्या हायवेवरून लिंबाचं कोल्ड्रिंक मागवलं. मी ग्लास मांडायला लागले, तशी भगवानरावांनी घाई केली. "राहू द्या बाई, वतू नका. बाटल्याच द्या, आमी उघडून घेतो."

आणि शुगर, ॲसिडिटी, उपास, सगळं त्या गोड पाण्यात विरघळलं. बाटलीवर लिंबाचं चित्र, आत लिंबाचा वास. एवढ्यावर ही थोर माणसं तृप्त झाली. ढेकर देऊन भगवानराव समतेवर बोलले. तुमचे लोक आता फार सुधारले, असं प्रशस्तिपत्रही देऊन गेले. शेजारची बिजलीबाई ओसरीवरून पाहत होती. त्यांची गाडी वळल्यावर म्हणाली, "सोयरीक जोडाले नाही, हे तं बूच तपासाले आलते."

मी स्वतःला समजावलं, जुनी माणसं आहेत, त्यांचं काय मनावर घ्यायचं? पण नयन? पुण्यात तो तुझ्या डब्यातली भाकरी खातो असं तू सांगितलंस, ते खोटं नसणार. इथे त्यानं सरबताचा ग्लास उचलला, ओठापर्यंत नेला, वडिलांकडे पाहिलं आणि खाली ठेवला. नंतर बाटली घेतली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

काल त्यांचा फोन आला. त्यांनी आपल्याला पसंत केलंय. लग्न मारेगावच्या हॉलमध्ये, आचारी त्यांचे. तांड्यावरून खाण्याचं काही आणायची तसदी घेऊ नये म्हणाले. बा खूश आहेत. होकार-नकार तुझा आहे, पण तो देण्याआधी तुला हे ठाऊक असावं, म्हणून आईच्या नात्यानं लिहिलं. नयननं ठेवलेला तो ग्लास मी ओतून दिला नाही. ते गेल्यावर मीच प्यायले. सरबत चांगलं झालं होतं गं.

तुझीच,
याडी